स्टेटची मुलं शेवटी

"स्टेटची मुलं शेवटी बोलवा. सगळी एकदम," हेमंतराव म्हणाले. "नावं वाचत बसू नका. वर यायचं, टाळ्या, एक फोटो, झालं."

आम्ही पडद्यामागे उभे होतो. एका शाळेचं सभागृह आमच्या अमेरिकेतल्या मराठी मंडळानं भाड्यानं घेतलं होतं आणि समोर दोन-अडीचशे मराठी माणसं श्रीखंडपुरी जेवून सुस्तावली होती. महाराष्ट्र दिन शुक्रवारी होऊन गेला होता, म्हणून कार्यक्रम शनिवारी. त्यातला सगळ्यांचा लाडका भाग म्हणजे त्या वर्षी बारावी होऊन कॉलेजात निघालेल्या मुलांचा सत्कार. हेमंत खासनीस मंडळाचे अध्यक्ष होते आणि सूत्रसंचालन माझ्याकडे होतं.

"आणि युनिव्हर्सिटीची मुलं?" मी विचारलं.

"ती एकेक. नाव, विषय, आईवडिलांना उभं करायचं. लोकांना ते ऐकायचं असतं हो."

"हेमंतराव, मी स्टेटमध्ये शिकवते."

"तुमचं वेगळं आहे, शरयूताई," ते अगदी मनापासून म्हणाले. "तुमची पीएचडी युनिव्हर्सिटीची आहे."

आमच्या राज्यात दोन मोठी सरकारी विद्यापीठं. दोन्ही जुनी, दोन्हींत चाळीसेक हजार मुलं, दोन्हींना पैसा देणारं सरकार एकच. पण आमच्या मराठी घरांत पहिल्याला नुसतं 'युनिव्हर्सिटी' म्हणायचे, जसं काही राज्यात तेवढी एकच आहे, आणि दुसऱ्याला 'स्टेट'. स्टेट शेतीच्या कॉलेजातून वाढलं होतं, तेव्हा गाईगुरांचं कॉलेज म्हणून त्याची चेष्टा चालायची. मी पहिल्यात शिकले होते आणि दुसऱ्यात अन्नातल्या जंतूंचा विषय शिकवत होते. दोन्हीकडे हुशार मुलं पाहिली होती आणि दोन्हीकडे ठोंबे पाहिले होते. मंडळात माझी ओळख करून देताना मात्र कुठे शिकले ते हटकून सांगायचे आणि कुठे शिकवते ते गाळायचे.

"सगळ्यांची नावं वाचणार असाल तर मी माइक घेते," मी म्हटलं. "नाहीतर तुम्हीच घ्या."

हेमंतरावांनी घड्याळाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "वाचा. पण भरभर," म्हणाले.

मी एवढी अडून बसले त्याला आणखी एक कारण होतं. ऋजुता गुळवणी. शशिकांत आणि अलकाची एकुलती एक मुलगी. शशिकांत मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. ही मंडळी मिरजेहून आली तेव्हा ऋजुता आठ वर्षांची होती, आणि पहिल्या हिवाळ्यात आमच्या तळघरात राहिली होती, म्हणून मी तिची मावशी. पंधराव्या वर्षापासून ती शनिवार-रविवार गावातल्या एका गुरांच्या डॉक्टरिणीकडे जात होती. पिंजरे धुवायची, मांजरं धरायची, पुढे पुढे त्या बाईंबरोबर गोठ्यांवर जायला लागली. एकदा आमच्याकडे जेवताना तिनं अडलेल्या गाईचं वासरू बाहेर कसं काढलं ते इतकं बारकाईनं सांगितलं, की माझ्या नवऱ्यानं ताट उचललं आणि तो दुसऱ्या खोलीत जाऊन जेवला.

तिला दोन्हीकडे प्रवेश मिळाला होता. पण अख्ख्या राज्यात पशुवैद्यकाचं कॉलेज एकच आणि ते स्टेटमध्ये. पशुवैद्यकाच्या आधी चार वर्षांची पदवी लागते, त्या चारही वर्षांची शिष्यवृत्ती स्टेटनं तिला देऊ केली होती. मार्चमध्ये ती माझ्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. "मावशी, आता रोज डबा तुमच्याकडे," एवढंच म्हणाली. एप्रिलमध्ये अलकाच्या कार्डावरून अनामत भरून तिनं जागा पक्कीही केली होती.

मी स्टेजवर गेले. मागच्या पडद्यावर प्रत्येक मुलाचा फोटो आणि खाली विद्यापीठाचं नाव यायचं. पालकांनी पाठवलेली माहिती हेमंतरावांच्या मुलानं लावून ठेवली होती. तीन-चार नावं झाली. मग ऋजुताचा फोटो आला. आईची अंजिरी पैठणी नेसून ती विंगेतून आली, पदर सावरत, जरा अवघडून. टाळ्या खूप झाल्या. मी पडद्याकडे पाहिलं तर खाली युनिव्हर्सिटीचं नाव.

"इथे जरा चूक झाली आहे," मी हसत माइकवर म्हटलं. "ऋजुता आमच्याकडे येते आहे. स्टेटला."

दुसऱ्या रांगेतून शशिकांत उठून उभे राहिले.

"चूक नाही, शरयूताई. युनिव्हर्सिटीच. परवाच पक्कं झालं."

टाळ्या पुन्हा सुरू झाल्या, पहिल्यापेक्षा मोठ्या. कुणीतरी शिट्टी मारली. हेमंतराव गुच्छ घेऊन आले आणि त्यांनी तो ऋजुताच्या हातात दिला. तिनं तो घेतला. ती वडिलांकडे बघत होती.

"बाबा, काय पक्कं झालं?" माइक माझ्या हातात होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"खाली ये, बोलू," शशिकांत हसतमुखानं म्हणाले.

ती खाली गेली नाही. गुच्छ टेबलावर ठेवून दुसऱ्या बाजूच्या विंगेतून निघून गेली. मी माइक हेमंतरावांच्या हातात दिला आणि तिच्या मागे गेले.

शाळेच्या लांब बोळात, मुलांच्या कपाटांच्या रांगेपाशी ती उभी होती. मागोमाग शशिकांत आले. त्यांच्या मागे अलका, हातात दोघींच्या पर्सेस.

"बाबा, तुम्ही काय केलंत?"

"जे करायला हवं होतं ते. गुरुवारी संध्याकाळी तुझ्या प्रवेशाच्या ऑनलाइन खात्यातून युनिव्हर्सिटीला होकार दिला आणि स्टेटला नकार कळवला. शुक्रवारी मुदत संपली. आता यावर चर्चा नको."

"माझ्या नावानं?"

"मग कुणाच्या नावानं? प्रवेश तुझाच आहे ना?"

तिचा आवाज चढला नाही. "तिथे पशुवैद्यकाचं कॉलेजच नाही, बाबा."

"मग जीवशास्त्र घे. माणसांची डॉक्टर हो. गुरांच्या मागे हात घालायला मी तुला सातासमुद्रापार आणलं नाही. दोन्ही विद्यापीठं तूच शेजारी शेजारी ठेवून बघ. एक देशात पहिल्या पंचविसात आहे. दुसरं कितवं आहे, सांग. सांग ना."

"शशिकांत," मी म्हटलं, "तो नंबर अख्ख्या विद्यापीठाचा आहे. तिला जे शिकायचं आहे त्यात तुमची युनिव्हर्सिटी पहिलीही नाही आणि शेवटचीही नाही. तिथे ते शिकवतच नाहीत. आणि मुलीला अठरा पूर्ण झाली आहेत. तिच्या नावानं तिला न विचारता नकार पाठवायचा, याला काय म्हणतात ठाऊक आहे ना?"

"ताई, तुम्ही यात पडू नका." ते माझ्याकडे वळले. अजूनही आवाज सौम्यच होता, त्याचाच मला जास्त संताप आला. "तुम्हाला युनिव्हर्सिटीत नोकरी मिळाली नाही म्हणून तुम्ही स्टेटला गेलात. तुमच्या मनाची समजूत घालायला माझी मुलगी कशाला?"

मला त्यांच्या तोंडात मारावीशी वाटली. खोटं कशाला सांगू. हात उचलला गेला नाही एवढंच. मी अलकाकडे पाहिलं.

"अलका, तुला माहीत होतं?"

अलका मान हलवून नाही म्हणाली. मग नवऱ्याला म्हणाली, "मला तरी विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर तू रडली असतीस," शशिकांत म्हणाले, आणि आत निघून गेले. आत अजून सत्कार चालू होते. हेमंतरावांचा आवाज येत होता, "आता आपली स्टेटची मुलं, सगळ्यांनी एकदम वर या." मी तिथे नव्हते, त्यामुळे नावं कुणीच वाचली नाहीत.

सोमवारी सकाळी ऋजुता आली. गाडी अलका चालवत होती. शशिकांत कामावर गेल्यावर दोघी निघाल्या होत्या. मी त्यांना प्रवेश कचेरीत घेऊन गेले. तिथल्या प्रमुख, डॉनेली बाई, माझ्या ओळखीच्या होत्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, कडक.

"खरं काय ते सांग," मी ऋजुताला दाराशी सांगितलं. "नकार मी दिला नाही, माझ्या परवानगीशिवाय दिला गेला, एवढं सांगितलंस की पुरे. माझा शब्द आहे, हे लोक ऐकून घेतील."

"मी एकटी जाऊ?" तिनं विचारलं.

"जा."

अलका आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. अलका पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. बऱ्याच वेळानं ऋजुता बाहेर आली.

"जागा परत मिळाली," ती म्हणाली.

"आणि शिष्यवृत्ती?"

"ती नाही. नकार आल्याबरोबर यादीतल्या पुढच्या मुलाला दिली म्हणे. आता काही करता येत नाही."

"करता येत नाही म्हणजे काय? तू सांगितलंस ना सगळं?"

"मावशी, जागा मिळाली ना. चला."

मी डॉनेली बाईंच्या दारावर थाप मारायला निघाले होते. ऋजुतानं माझं मनगट धरलं. "नको. प्लीज. मला इथेच शिकायचंय, पहिल्याच दिवशी भांडण नको."

मी ऐकलं. पण त्या दिवसापासून माझ्याच विद्यापीठाबद्दल माझ्या मनात अढी बसली. मुलीवर घरात एवढा अन्याय झाला, आणि यांनी नियमावर बोट ठेवून तिची शिष्यवृत्ती काढून घेतली. मी विभागाच्या बैठकीत ते बोलून दाखवलं. पुढे कधी नव्या मुलांपुढे स्टेटचं गुणगान करायची वेळ आली की माझी जीभ अडायची.

ऋजुतानं कर्ज काढलं. पहाटे विद्यापीठाच्या गोठ्यात दूध काढायचं काम धरलं, उन्हाळ्यात दुसऱ्या गावातल्या डेअरीत राहिली. कर्जाच्या अर्जावर आईवडिलांपैकी एकाची सही लागायची, ती दर वर्षी अलका करायची. शशिकांतनी एक पै दिली नाही. सणासुदीला ती घरी जायची, तेव्हा ते तिच्याशी हवापाण्याचं बोलायचे. आणि मंडळात कुणी विचारलं की सांगायचे, "स्टेटचं काय सांगायचं? आधी शिष्यवृत्ती दिली, मग काढून घेतली. युनिव्हर्सिटीनं असं केलं असतं का? हाच तर दोन्हींतला फरक."

हे मी दोनदा माझ्या कानांनी ऐकलं. दोन्ही वेळा मला उत्तर देता आलं नाही, कारण शिष्यवृत्ती खरोखरच स्टेटनं काढून घेतली होती.

पदवीची चार वर्षं झाली, ऋजुताला तिथल्याच पशुवैद्यकाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. त्याचीही तीन वर्षं गेली. डॉनेली बाई निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते. एका रविवारी भाजीबाजारात मक्याच्या ढिगापाशी त्या भेटल्या.

"ती मुलगी काय करते?" त्यांनी विचारलं. "तुम्ही आणली होतीत ती."

"गुरांची डॉक्टर होते आहे. कर्जात बुडून. तुमच्या कृपेनं." इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून ते सुटून गेलं.

त्यांनी हातातलं कणीस परत ठेवलं. "मी आता नोकरीत नाही, म्हणून सांगते. तसं सांगूही नये. मी तिला तीनतीनदा विचारलं, हा नकार तूच दिलास का? दुसऱ्या कुणी दिला असेल तर फक्त तसं म्हण. मी शिष्यवृत्ती परत मिळवून देऊ शकत होते. त्यासाठी वेगळी तरतूद होती. पण ती म्हणाली, मीच दिला, मला त्या दिवशी नीट ठरवता आलं नाही. तिन्ही वेळा तेच. ती खोटं बोलते आहे हे मला कळत होतं. पण तिचं बोलणं मी कसं खोडून काढणार?"

मी भाजी न घेताच घरी आले आणि ऋजुताला फोन लावला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" ती म्हणाली. मागे कुठेतरी गाय हंबरत होती. "मावशी, त्या वर्षी आमचा नागरिकत्वाचा अर्ज गेलेला होता. दुसऱ्याच्या नावानं खोटं केलं, असं बाबांच्या विरुद्ध कुठे नोंदवलं गेलं असतं तर? पुढे काय झालं असतं मला माहीत नव्हतं. विचारायचं कुणाला? मी अठरा वर्षांची होते. म्हणून म्हटलं, मीच केलं."

"आणि ते गावभर सांगत फिरतात की स्टेटनं फसवलं."

"माहीत आहे."

"तू त्यांना कधीच सांगितलं नाहीस?"

"आईलाही नाही. तुम्हीही सांगू नका."

मी सांगणार नाही असं म्हटलं, आणि वर्षभर खरंच सांगितलं नाही.

पदवीदान मे महिन्यात झालं. शशिकांत आले होते. नवा कोट, गळ्यात कॅमेरा. अलकाचे डोळे सकाळपासूनच भरलेले. समारंभानंतर हिरवळीवर तंबूखाली जेवण होतं. ऋजुतानं मला आणि माझ्या नवऱ्याला बोलावलं होतं, आणि शशिकांतनी हेमंतरावांना. मी ताट घेऊन गेले तेव्हा शशिकांत त्यांना सांगत होते,

"पशुवैद्यक म्हटलं की स्टेटच. यंदाच्या क्रमवारीत देशात पहिल्या पाचात आहे, बघितलंत ना? युनिव्हर्सिटी या बाबतीत जवळपाससुद्धा नाही. मी ऋजुताला पहिल्यापासून सांगत होतो, ज्या विषयात जे सर्वोत्तम तिथे जा."

हेमंतराव मान डोलवत होते. त्या शनिवारी ते स्टेजवर होते, गुच्छ त्यांनीच दिला होता, तरीही मान डोलवत होते. ऋजुता बापाशेजारी उभी होती, पदवीचा झगा अंगात.

मी ताट टेबलावर ठेवलं.

"शशिकांत, तिची शिष्यवृत्ती का गेली ते सांगा की यांना."

"ते जुनं झालं हो, ताई. स्टेटनं तेव्हा जरा—"

"स्टेटनं काही केलं नव्हतं. स्टेट परत द्यायला तयार होतं. तिनं फक्त म्हणायचं होतं की नकार मी दिला नाही. ती म्हणाली, मीच दिला. तुमचा नागरिकत्वाचा अर्ज अडकू नये म्हणून. आठ वर्षं ती पहाटे उठून गोठ्यात राबली ते तुमचं नाव कुठे येऊ नये म्हणून, आणि तुम्ही आठ वर्षं लोकांना सांगत आलात की तिचं विद्यापीठ लबाड आहे."

"मावशी," ऋजुता म्हणाली.

माझा आवाज चढला होता. बाजूच्या टेबलावरची अमेरिकन कुटुंबं वळून पाहायला लागली. अलकानं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

शशिकांत मुलीकडे वळले. "खरं आहे हे?"

"हो."

त्यांचा चेहरा पडला. काही क्षण मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी म्हणेल. आठ वर्षं मी त्याचीच वाट पाहत होते असं मला त्या वेळी जाणवलं. त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढला, पुसला, परत घातला.

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?" ते तिला म्हणाले. "एवढी मोठी गोष्ट बापापासून लपवायची?"

हेमंतराव हळूच उठून केक आणायला गेले.

ऋजुता वडिलांकडे बघत राहिली. रागानं नाही. आजारी जनावर तपासताना ती जशी बघते तसं, शांतपणे, याला नक्की कुठे दुखतंय ते शोधत असल्यासारखं.

"बाबा, जेवून घ्या," ती म्हणाली. "गार होतंय."

संध्याकाळी गाडीपर्यंत ती आम्हाला सोडायला आली.

"तुम्ही शब्द दिला होतात," ती म्हणाली.

"हो. आणि मोडला. आज पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडेन."

"मी आठ वर्षं सांभाळलं होतं, मावशी. माझं होतं ते. तुमचं नव्हतं."

ती सहा महिने माझ्याशी फोनवर मोजकंच बोलली. मग दिवाळीत आली, नेहमीसारखी, आणि तो विषय आम्ही दोघींनीही काढला नाही. आता ती राज्याच्या उत्तर भागात मोठ्या जनावरांची डॉक्टर आहे. कर्ज अजून फिटायचं आहे. अलका महिन्यातून एकदा बसनं तिच्याकडे जाऊन राहते. शशिकांत गाडीनं सोडायला तयार असतात, पण ती बसनंच जाते.

शशिकांतनी मुलीची माफी अजून मागितलेली नाही. मंडळात मात्र मुलांना कॉलेज निवडायला मदत करण्यासाठी एक समिती झाली आहे, तीत त्यांना घेतलं आहे. पालक फोन करून त्यांचा सल्ला विचारतात, दोन्ही विद्यापीठांत नेमका फरक काय म्हणून. ते तासभर समजावून सांगतात. मी त्या समितीच्या पहिल्याच बैठकीला गेले होते. उठून म्हटलं, एकच नियम करा, मुलाच्या प्रवेशाच्या खात्याला आईबापानं हात लावायचा नाही. हसले सगळे. शशिकांतही हसले. नियम झाला नाही. मी दर वर्षी जाते, आणि दर वर्षी तो मांडते.